कुंकू लागलेली गोळ्यांची बाटली

हसू नका. कपाळावर कुंकू असलं तरी मी देवी नव्हे. मी औषधाच्या गोळ्यांची साधी तपकिरी बाटली, मालवणच्या वाटेवरच्या एका गावात देवळाच्या कोनाड्यात बसून बोलतेय. इथवर कशी आले ते ऐका, म्हणजे पुढच्या वेळी कुणा बाटलीपुढे हात जोडताना जरा विचार कराल.

जन्म माझा मुंबईच्या कारखान्यातला. पोटात भरल्या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या. सन पासष्टच्या सुमारास त्या नव्यानेच निघाल्या होत्या आणि त्यांचा केवढा बोलबाला! कणकवलीच्या डॉक्टरांनी मला श्रीपादरावांच्या हाती दिलं. हे आमच्या देवस्थानाचे चिटणीस. जत्रेत पालखीला पहिला खांदा वरच्या वाडीचा की खालच्या, हा तंटा त्यांच्या गळ्यात पडला होता आणि त्यापायी झोप उडाली होती.

डॉक्टर म्हणाले, "थोड्याच दिवसांपुरती घ्या. हिच्यावर दारू नको. आणि सोडताना मला विचारून हळूहळू सोडा, एकदम बंद करायची नाही." श्रीपादरावांनी मान डोलावली. आपल्याकडे डॉक्टरांपुढे मान डोलावली की अर्धा इलाज झाला असं समजतात.

गोळी लागू पडली, खोटं कशाला बोलू? छातीतली धडधड गेली, माणूस गाढ झोपला. त्यांच्या पत्नीने, सुनीतीबाईंनी, देवाला नारळ दिला. मला कुणी विचारलं नाही.

पुढे एक गोळी पुरेना. दोन झाल्या, मग दुपारचीही सुरू झाली. डॉक्टरांकडे परत कोण जातो? बाजारातला औषधवाला ओळखीचा, तो चिठ्ठीशिवाय मला भरून द्यायचा. श्रीपादराव बोलताना अडखळू लागले, काल काय कबूल केलं ते आज विसरू लागले. वरच्या वाडीलाही हो, खालच्या वाडीलाही हो. गाव म्हणे, श्रीपाद काय शांत झालाय, अगदी साधू!

पाहुणचार तर विचारू नका. कुणी झोपेची तक्रार केली की चहाच्या बशीत माझ्यातली अर्धी गोळी हजर. सगळ्यात नेमाने यायचे ते गुरुदास, देवळाचे जुने मानकरी. चहा नको म्हणायचे, गोळी तेवढी उचलायचे.

सुनीतीबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. नवरा उंबरठ्यावर झोकांडी जाऊन पडला तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडे चला म्हणून हट्ट धरला. गुरुदास म्हणाले, आधी देवाला विचारू. झालं! कौल घ्यायला देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलांच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. गोळी बंद करावी, असा कौल. आता देव चुकला असं मी म्हणत नाही. पण हळूहळू की एकदम, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

त्याच दिवशी श्रीपादरावांनी मला अंगणात भिरकावलं. सुनीतीबाईंनी गुपचूप उचलून कमरेला खोचलं म्हणून मी वाचले.

मग त्यांची झोप पार गेली. घाम, हात थरथरताहेत, कुणी भांडं आपटलं तरी दचकताहेत. तशातच देवळात जत्रेची बैठक बसली आणि तिथे त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. गाव खूश! अंगात अवसर आला, देव आला! गुरुदासांनी त्यांच्या कपाळाला कुंकू फासलं आणि मोठ्याने विचारलं, पहिला खांदा कुणाचा? दात वाजत होते, उत्तर कुठून येणार? मान उजवीकडे गेली की वरची वाडी ओरडे, डावीकडे गेली की खालची. माझा नुसता संताप संताप झाला. अरे, माणूस मरतोय!

सुनीतीबाई गर्दीत घुसल्या, नवऱ्याला धरून ओरडल्या. "हो देव नाय, माझो घोव आसा. आदी गाडी हाडा."

तेवढ्यात श्रीपादरावांचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, झटका आला. घरांची कौलं वाहणाऱ्या ट्रकमधून त्यांना कणकवलीला नेलं.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग झटका थांबवायला तेच औषध टोचलं. पुढे कित्येक महिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुनीतीबाई अडकित्त्याने गोळी कातरत राहिल्या. पाऊण, अर्धी, पाव. श्रीपादराव भांडले, रडलेसुद्धा, पण सुटले. देवाशपथ सांगते, एवढी रिकामी होऊन मी कधी इतकी सुखावले नव्हते.

पुढच्या जत्रेआधी गुरुदास घरी आले. पहिल्या खांद्याचं देवाचं उत्तर अर्धंच राहिलं होतं ना! अदबीने म्हणाले, "वयनी, गोळी परत सुरू करून मगे बंद केलास तर अवसर परत येतलो?"

"आनी जीव गेलो तर?" सुनीतीबाई म्हणाल्या. "तेचो कौल कोण लावतलो?"

गुरुदास म्हणाले, निदान बाटली तरी देवळाला द्या. सुनीतीबाईंनी मला धुतलं, उपडं करून दाखवलं आणि देऊन टाकलं.

तेव्हापासून मी इथे. बाया कुंकू लावतात, म्हातारे झोप मागतात. बाबांनो, माझ्याकडे काही नाही. गोळी वाईट नव्हे, पण तिला पाहुणचारात वाटू नका, आणि सोडायची तर डॉक्टरला विचारून सोडा.

पण ऐकतो कोण? दुपारी देऊळ रिकामं झालं की गुरुदास येतात. हात जोडतात, इकडेतिकडे बघतात, मला उचलून कानाशी हलवून पाहतात. आत काहीच वाजत नाही. त्यांचा हात मात्र थरथरत असतो.