साताऱ्याला पत्रिका द्यायला

“हितं कोण पावनं हायत आपलं?” धनाजीनं विचारलं.

साताऱ्याबाहेर माळावर असलेल्या एका इमारतीच्या ऑफिसात तो बसला होता. मांडीवर भाचीच्या लग्नपत्रिकांची पिशवी होती. शेजारी त्याची थोरली बहीण आक्काताई कसल्याशा फॉर्मवर सही करत होती.

“तू बस. मी आधारकार्डाचं झेरॉक्स काढून आले,” ती म्हणाली.

“मी येतो की गं.”

“बस म्हटलं न्हवं? पिशवी संभाळ.”

अर्धा तास झाला. मग टेबलामागचा जयराज नावाचा माणूस उठून आला.

“काका, सिगारेट, लायटर काय असेल ते इथं ठेवा. व्यसनमुक्ती केंद्र आहे हे.”

“माझी भन यायची हाय.”

“त्या गेल्या मघाशीच. रिक्षात बसताना बघितलं मी.”

धनाजीनं सिगारेटचं पाकीट टेबलावर ठेवलं. चेष्टा असेल, असं त्याला वाटलं. पत्रिकांची पिशवी मात्र त्यानं दोन दिवस सोडली नाही.

धनाजी कांबळे कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. तेविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. मशीन बंद असली तरी दोन बाया आणि एक बाप्या त्याच्या मागं उभं राहून त्याच्याविषयी बोलायचे. स्किझोफ्रेनिया, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन-तीन औषधं लागू पडली नाहीत. मग सांगलीच्या डॉक्टरबाईंनी एक औषध चालू केलं, रक्त तपासत तपासत डोस वाढवला आणि तो माणसात आला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. सिगारेट मात्र रोज वीस-बावीस लागायच्या. धूर आत घेतला की त्या बाया जरा लांब सरकतात, असं तो सांगायचा. आई गेल्यापासून तो आक्काकडंच राहायचा. गोळ्या आक्का द्यायची. तिनं हातावर ठेवलेली गोळी त्यानं कधी उलटून बघितली नव्हती.

केंद्रात सिगारेट त्याच दिवशी बंद झाली. गोळ्या पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. आक्कानंच त्या केंद्रात पोचत्या केल्या होत्या.

पहिले तीन दिवस त्याला नुसती तलफ होती. नंतर अंग जड व्हायला लागलं. तोंडातून लाळ गळायची, उशी भिजायची. जीभ वळेना. बाथरूमला जाताना तो दोनदा पडला. आवाज अगदी गप्प झाले होते. पण स्वतःच्या मनात एखादं वाक्य सरळ लावावं म्हटलं तर तेही त्याला जमेना. एकच विचार तेवढा पक्का होता, की आक्कानं ह्यांना मला मारायला सांगितलंय. आजवर आवाजांनी असलं पुष्कळ सांगितलं होतं आणि ते खोटं असतं, हे तो शिकला होता. या वेळी सांगायला आवाज नव्हते.

“जरा सुस्ती येतेच,” जयराज म्हणाला. “व्यसन उतरतंय.”

सतराव्या दिवशी जेवणाच्या ताटावरच त्याला फिट आली.

योगायोगानं त्याच दुपारी त्याची भाची दीक्षा तिथं पोचली. लग्न होऊन तिला आठ दिवस झाले होते. मामाला कावीळ झालीय, कडेगावला पाहुण्यांकडं ठेवलंय, असं आईनं तिला सांगितलं होतं. फोन केला तर कडेगावला कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिनं आईला खोदून विचारलं आणि नवऱ्याला घेऊन ती थेट साताऱ्याला आली. त्याच गाडीतून दोघांनी मामाला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

सहा दिवसांनी तो नीट बोलू लागला. डॉक्टरबाईंनी आक्काताईला बोलावून घेतलं.

“सिगारेट कुणी बंद केली यांची?”

“चांगलंच हाय की ते, म्याडम.”

“चांगलंच आहे. पण सिगारेटच्या धुरामुळं हे औषध शरीरातून भराभर निघून जातं. म्हणून यांना डोस जास्त होता. धूर थांबला आणि डोस तेवढाच राहिला. मग रक्तात औषध साठत गेलं. सिगारेट सोडायची तर आधी मला सांगा, हे मी तुम्हाला बोलले होते. कागदावरसुद्धा लिहून दिलं होतं.”

आक्काताईनं मान खाली घातली.

“आठवत होतं तुम्हाला?”

“व्हय,” ती बारीक आवाजात म्हणाली. “पण तुमी इचारलं असतं, आत्ताच का म्हणून. लग्नाच्या तोंडावर नको म्हणला असता.”

धनाजी कॉटवर बसून ऐकत होता. सगळ्यांना वाटलं, तो आता ओरडेल. दीक्षानं त्याचा दंड धरून ठेवला.

“आक्का, लग्नात मी काय केलं असतं गं?”

“धूर सोडत एकटाच बडबडत बसतोस. सोयऱ्यांनी बघितलं असतं तर? एकुलती एक पोर हाय माझी.”

“मग तसं सांगायचं न्हाईस? ‘धना, येऊ नगंस’ एवढंच म्हणायचं. मी खोलीत बसून ऱ्हायलो असतो की. कडी लावून बसलो असतो.”

आक्काताई रडायला लागली. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

दवाखान्यातून तो आक्काकडं गेलाच नाही. वर्कशॉपचे मालक जोतीराम यांनी मागच्या बाजूची खोली त्याला दिली आणि लेथही परत दिला. आता गोळ्या निम्म्या झाल्या होत्या, त्या तो स्वतः मोजून घेई. सिगारेट पुरती सुटली नाही. एखाद्या दिवशी बाया फार जवळ आल्या की तो दोन-तीन ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून सांगायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आक्काताई डबा घेऊन आली. दार उघडंच होतं. धनाजी बनियनवर भांडी घासत होता. तिला बघून त्यानं हात धुतले, शर्ट घातला आणि वरपर्यंत बटणं लावली. चटई झटकून अंथरली. तांब्या भरून आणून तिच्यासमोर ठेवला. जन्मभर तो तिला अगं-तुगं करत आला होता.

“बसा,” तो म्हणाला. “पानी घ्या. कसं काय येनं केलंत?”

आक्काताई उंबऱ्याच्या आत तशीच उभी राहिली. ती बसेपर्यंत तोही बसला नाही.