खवटरावांचं झाकलेलं घड्याळ

दर रविवारी पेपर आला की सासरे आधी शेवटचं पान उघडायचे. तिथं खवटराव असायचे. नाकावर राग, सगळ्या जगाशी भांडण, आणि भांडणात शेवटी स्वतःचीच फजिती. चित्राखाली सही नाही, नाव नाही. सासरे पोट धरून हसायचे आणि वर म्हणायचे, "काय पण पठ्ठ्या आहे हा! कोण आहे देव जाणे."

पठ्ठ्या स्वयंपाकघरात कणीक मळत असायचा. म्हणजे त्यांची सूनच की! दुपारी घर झोपलं की ओट्यावर कागद पसरून ती खवटराव काढायची. हे माहीत होतं फक्त नवऱ्याला. आणि खवटराव म्हणजे नखशिखान्त सासरेच, हेही त्यालाच ठाऊक. सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, जिभेला धार, पण सुनेवर जीव. त्यांना कळलं तर? आपल्याच सुनेनं गावभर आपलं हसं केलं, असं त्यांच्या मनाला लागलं तर? म्हणून तर नाव नको होतं तिला.

आणि त्या रविवारी तिनं माती खाल्ली.

चित्रात खवटराव दुपारचे घोरत होते आणि भिंतीवरच्या घड्याळावर रुमाल टाकलेला होता. सासऱ्यांची ही रोजची सवय. "दिवसभर त्यांचीच टिकटिक ऐकतो, निजताना तरी तोंड झाकून बसा म्हणावं," असं म्हणायचे. इतकी वर्षं या घरात काढल्यावर तिला वाटलं, घड्याळवाल्यांच्या घरी असंच असतं. अहो, कुठं असतं? छापलेलं पान बघितलं तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही खोड एकट्या सासऱ्यांचीच.

सासऱ्यांनी चित्र पाहिलं. हसले नाहीत. पेपराची घडी घातली आणि आपल्या खोलीत गेले.

"मेलीस तू," नवरा म्हणाला. मदत म्हणाल तर एवढीच.

चहाचा कप घेऊन ती खोलीत गेली. घाईत निम्मा चहा बशीत सांडला. "बाबा, ते चित्र... मीच काढते. सगळी मीच काढली. तुम्हाला दुखवायचं नव्हतं हो मला." आणि तिला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला, वेडाबाई? पहिल्याच चित्रात ओळखलं होतं मी. घड्याळाला डाव्या हातानं किल्ली देणारा दुसरा म्हातारा दाखव मला."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? आणि आज हसला का नाहीत?"

सासऱ्यांनी बशीतला चहा आधी संपवला. "आज तुझा चेहरा बघितला. तू घाबरलीस. म्हणजे आता ही येणार, कबूल करणार, आणि मला कळलंय हे हिला कळणार. झालं! पुढच्या रविवारी खवटराव गोड बोलायला लागणार. सासऱ्याचा मान राखणार तू. अगं, आयुष्यभर मला कोणी तोंडावर खरं सांगितलं नाही. भीत होते सगळे. तुझी सासूसुद्धा. तो बिननावाचा पठ्ठ्या तेवढा सांगत होता, आणि ते सुद्धा इतकं प्रेमानं. त्याला घालवू नकोस, बाई."

तिनं मान डोलावली.

पुढच्या रविवारी खवटरावांचं नाक बोटभर लांब झालं होतं आणि ते सुनेच्या चहाला नावं ठेवत बशी चाटूनपुसून साफ करत होते. सासरे हसता हसता ठसकले, डोळे पुसले.

"कोण काढतो कोण जाणे," ते म्हणाले. "पण बिचाऱ्याच्या घरी असाच एखादा खवट म्हातारा असणार."

"असणारच, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचं नाक पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.