मला अख्खाच उतरवा

मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. आंबिवलीला आनंदा आणि रंगूबाईंच्या घरावर मी चौतीस वर्षं ऊन-पाऊस सोसला. हल्ली माझं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगतो मित्रांनो, मी मनाने वाईट नाही. पण माझ्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे, हे मी लपवणार नाही.

ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारे तंतू, केसापेक्षा कितीतरी बारीक. कारखान्यात ते सिमेंट आणि पाण्यात कालवले आणि त्यातून मला नागमोडी आकार दिला. तंतूंच्या गोणी फोडायचं काम सखाराम करायचा. नाकाला नुसता रुमाल. पाळी सुटताना त्याच्या पापण्याही पांढऱ्या झालेल्या असत. त्यातला धोका त्याला कुणी सांगितला नाही, आणि मला कुठे तोंड होतं?

सखाराम हा आनंदाचा जिवलग दोस्त. "दरवर्षी कौलं काय चाळत बसतोस? पत्रे टाक," असं त्यानेच सुचवलं आणि मी आंबिवलीला आलो. मग काय विचारता माझा थाट! रंगूबाई माझ्यावर सुकट वाळत घालायच्या. पावसाळ्यात घरात टिपूस गळायचा नाही. दर मे महिन्यात आनंदा वर चढून तारेच्या ब्रशने माझ्यावरचं शेवाळ खरवडायचा. एकदा वादळात माझा कोपरा तुटला, तर पोरांनी त्या तुकड्यांच्या लगोऱ्या केल्या, त्याही दगडावर घासून गोल गोल. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता आठवलं की शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण मी अखंड असतो तोवर तंतू सहसा माझ्यातच अडकून राहतात. मला फोडलं, खरवडलं, भोक पाडलं की ते उडतात आणि श्वासाबरोबर छातीत जाऊन रुततात. दुखणं लगेच कळत नाही. वीस-तीस वर्षं जातात. सखारामला कळलं तेव्हा तो निवृत्त झाला होता. फुप्फुसं कडक झालीत, ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा आनंदाची सून रुपाली बाळंतपणाला खडवलीला माहेरी गेली. मुलगी झाली. आठ दिवसांनी मायलेकी घरी येणार, म्हणून नातीसाठी नवं छप्पर घालायचं आनंदाने ठरवलं. मलाही बरं वाटलं. पण मग तो घण घेऊन आला!

"फोरून आंगनान भराव टाकू," तो रंगूबाईंना म्हणाला. "चिखल नाय व्हनार."

आमच्याकडे काही वाया घालवायचं नाही ना! त्याच अंगणात ती पोर उद्या रांगणार होती.

आनंदा शिडी चढला. त्याने घण उचलला, इतक्यात गल्लीतून सखाराम येताना दिसला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. धापा टाकत तो लांबूनच हात हलवत राहिला आणि पायरीवर मटकन बसला. आनंदा घाबरून खाली उतरला.

"आरं, दम घे आदी!"

"दमच नाही राहिला रे. घण ठेव. माझ्या छातीत गेलंय, ते नातीच्या छातीत घालतोस?"

"तू कारखान्यान होतास. आमी नुस्ते पत्र्याखाली. आमाना काय झाला?"

"नाही झालं, तर देवाचे आभार मान. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आनंदा. तुला मी सांगतोय."

आनंदाने घण घरात नेऊन ठेवला.

त्याच्या मुलाने, दिपेशने, चार ठिकाणी फोन करून या कामातली शिकलेली माणसं शोधली. त्यांना यायला पंधरा दिवस लागणार होते, म्हणून मायलेकींचं घरी येणंही लांबलं. रंगूबाई म्हणाल्या, "बारसा थांबंल. पोरीचा जीव पयला!"

ती माणसं खास मास्क आणि अंगभर कपडे घालून आली. घरच्यांना त्यांनी लांब पाठवलं. मला पाण्याने भिजवलं, बोल्ट सोडवले आणि तान्ह्या बाळासारखं अलगद खाली घेतलं. खाली झाडू मारला नाही, ओल्या फडक्याने सगळं पुसलं. मला जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत ठेवलं. धोकादायक कचरा पुरतात, त्या जागी मी आता निघालोय.

मित्रांनो, मी भरून पावलो. ज्यांनी मला डोक्यावर घेतलं, त्यांचं वाईट माझ्या हातून व्हायचं टळलं. तुमच्या घरावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला घासू नका, भोक पाडू नका, स्वतः उतरवायला जाऊ नका. जाणकाराला बोलवा.

माझ्या तंतूंनी सखारामचा श्वास हिरावला, आणि त्यानेच मला एका तान्ह्या पोरीचा गुन्हेगार होऊ दिलं नाही. त्याचे हे उपकार मी कसे फेडणार? ते तुम्ही फेडा. माझ्यासारख्यावर कुणी घण उगारलेला दिसला, तर जोरात ओरडा. तुमच्या छातीत अजून दम आहे.