पेट्रोलच्या बाजूने

प्रमिलाबाईंनी करड्या गाडीवरची ताडपत्री ओढली, तसा तिच्यावर साचलेला संत्र्याचा पाला प्रेमदासांच्या चपलांवर पडला. तो झटकायला ते वाकले आणि सदऱ्याच्या खिशातलं पत्र खाली घसरलं. प्रफुलचं. येऊन महिना होऊन गेला होता आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

‘काका, फोनवर तुम्ही नुसतं बघू म्हणता, म्हणून लिहितो,’ अशी त्याची सुरुवात होती. ‘बाबांची लाल पेट्रोल आणि माझी डिझेल, दोन्ही आष्टीला मळ्यावर उभ्या आहेत. एक ठेवायची तर कोणती, ते तुम्हीच सांगा. तुमचं उत्तर आलं नाही, तर दिवाळीला येईन तेव्हा दोन्ही विकून टाकतो. आईला गाडीचं काय काम?’

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. पण दर वेळी ‘परंतु’पाशी येऊन हात थांबायचा आणि कागद फाटायचा. त्यांचा उभा जन्म आर्वीच्या वाचनालयात गेला. तिथं येणारं मोटारींवरचं प्रत्येक मासिक त्यांनी वाचलं होतं. गाडी घेतली ती मात्र त्यांच्या मित्रानं, तानबानं. त्याच मॉडेलची पुढची पिढी आली, तेव्हा तानबाच्या मुलानं, प्रफुलनं, ती डिझेलमध्ये घेतली आणि दोघा मित्रांना भांडायला विषय मिळाला. तानबा पेट्रोलच्या बाजूने. जुनी आहे, हलकी आहे, पाय ठेवला की उडते. प्रेमदास डिझेलच्या बाजूने. जड असली तरी टर्बो आहे, ओढ आहे, अ‍ॅव्हरेज आहे. तानबाला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता डिझेल ठेव म्हणून लिहिणं म्हणजे समोरचा उठून गेल्यावर डाव जिंकणं. आणि पेट्रोल ठेव म्हणावं, तर ते स्वतःलाच पटत नव्हतं.

शेवटी तानबाच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनीच, दोन्ही गाड्या चालवून बघू म्हणून फोन करून त्यांना बोलावलं होतं. सकाळच्या एसटीनं ते आले होते.

"पण चालवणार कोण, वहिनी?"

"तुमी चालवता?"

प्रेमदास चपलांकडे पाहू लागले.

"तुमाले येत नाई, ठाऊक हाय मले. बसा तिकडून."

त्यांनी पदर खोचला, सीटवर घडी केलेली गोधडी टाकली आणि स्टिअरिंगमागे बसल्या. सीटबेल्ट लावताना प्रेमदासांचा हात दोनदा चुकला.

करडी डिझेल खडखडत सुरू झाली. विहिरीवरची पाखरं उडाली. गाडी हातभर पुढं गेली, अडखळली, बंद पडली. दुसऱ्या खेपेला निघाली. विहिरीला वळसा घालून परत येईपर्यंत क्लच दाबताना दर वेळी प्रमिलाबाईंचे ओठ आवळले जात होते. गाडी थांबवल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी डावा गुडघा सरळ केला.

"डिझेलला टॉर्क जास्त असतो," प्रेमदास हळूच म्हणाले. "चौथ्या गिअरात पण ओढते."

"ओढत असन. माह्या गुडघ्याचं तुमच्या पुस्तकात काई लिहलं हाय का?"

प्रेमदासांनी खरोखरच आठवून पाहिलं. नव्हतं.

मग दोघं लाल गाडीत बसली. ती सुरू झालेली प्रेमदासांना कळलीच नाही, आणि क्लच दाबताना प्रमिलाबाईंचे ओठही आवळले गेले नाहीत. मळ्याचं फाटक गेलं, कपाशीची वावरं मागं पडली, तेव्हा प्रेमदासांनी छतापाशी कडीला धरलेला हात खाली घेतला. गावाची पहिली घरं दिसू लागली आणि एका निंबाखाली प्रमिलाबाईंनी गाडी उभी केली. त्या उतरल्या, वळसा घालून आल्या, प्रेमदासांचं दार उघडलं.

"उतरा."

"काय झालं?"

त्या दार धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग हसल्या.

"सवय, भाऊजी. इथं आमी सीट बदलत होतो. साखरेच्या बिमारीनं त्याईचे डोये अधू झालते न. शेवटले काई वर्सं मीच चालवली. लोकाईनं पाहू नये म्हनून गावात ते स्टिअरिंगवर बसत, बैलगाडीच्या चालीनं. मी बाजूनं सांगत राहो, डाव्या अंगाले गाय हाय."

प्रेमदास त्यांच्याकडे वळले.

"आणि सत्याग्रही घाट? तानबा म्हणाला होता, माणसं भरून तिसऱ्या गिअरात काढली, कुठंच दमली नाही."

"तवाबी मीच होती."

"मी त्याला आकडे दाखवले होते, वहिनी. वाचनालयात सगळ्यांसमोर. खोटं बोलतोस म्हणालो."

"घरी येऊन लय हासले. म्हने, सांगू का प्रेमदासले? म्या म्हनलं, नोका सांगू, तो बिचारा पुस्तकं फेकून देइन."

प्रेमदासांनाही हसू आलं.

प्रमिलाबाई पुन्हा स्टिअरिंगमागे येऊन बसल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"हे गाडी गेली त मी मळ्यातच बसली समजा. ते गेल्यापासून फाटकाभाईर काढली नाई, आजच काढली. प्रफुलले तुमी लिहा. म्या सांगतलं त मधातच वरडन. कागद असला का पुरा वाचा लागते."

"काय लिहू?"

"पाह्यलं ते लिहा."

प्रेमदासांच्या पिशवीत कोरं अंतर्देशीय होतंच, महिनाभर होतं. ते त्यांनी पिशवीवरच पसरलं. ‘प्रिय प्रफुल, लाल पेट्रोल ठेव. डिझेल जास्त ओढते हे मी आजही म्हणेन, परंतु’ इथपर्यंत आल्यावर हात नेहमीसारखा थांबला. प्रमिलाबाई बाहेर पाहत होत्या. प्रेमदासांनी पुढं लिहिलं, ‘तुझी आई पेट्रोल चालवते, आणि चांगली चालवते. घाटातसुद्धा. मी आज शेजारी बसलो होतो. तानबाचं बरोबर होतं.’ पुन्हा न वाचता त्यांनी कडा चिकटवल्या.

"पेटी पोस्टापाशी हाय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बाजारातून जा लागते. अन आज बाजाराचा दिवस."

"मी पायी जाऊन येतो."

"एवढ्या उन्हात?"

त्यांनी पदर पुन्हा घट्ट खोचला आणि गाडी गावात घातली. पालकाच्या जुड्या मांडून बसलेल्या रंभानं मान वर केली.

"अवं काकू, तुमी?"

"मंग कोन? टोपलं सरकव जराशीक."

पोस्टासमोर प्रेमदास उतरले. पत्र फटीत सरकवलं, पण आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्यांनी पेटीवर टिचकी मारून पाहिली. ते मागं वळले, तोवर प्रमिलाबाईंनी त्या गर्दीतच, टोपल्या आणि सायकलींच्या मधून, मागंपुढं करत गाडी परतीच्या तोंडाला लावली होती. बघायला चारदोन माणसं थांबली होती. प्रमिलाबाईंनी वाकून डावीकडचं दार आतून उघडलं.