अस्तरातले पाच कागद

मी टोपी. राखी-हिरव्या लोकरीची, पुढे डोळ्यांवर येणारी कापडी झापड, दोन्ही बाजूंना थंडीत कानांवर ओढायच्या पट्ट्या. जर्मन सैन्याची. म्हणजे ज्याचं नाव निघालं की आमच्याकडची माणसं अजूनही आवाज खाली करतात, त्याच सैन्याची. तेव्हा आधीच सांगते, मी देव्हाऱ्यात बसवायची वस्तू नाही. पण माझी तपासणी झाली त्या दिवशी एका म्हातारीच्या पायाखालची जमीन सरकली, आणि खरं काय ते माझ्या पोटात अडुसष्ट वर्षं होतं. अक्षरशः पोटात.

माझा जन्म त्रेचाळीस सालचा. एका लांबलचक खोलीत मला शिवलं ते पूर्वेकडून धरून आणलेल्या बायकांनी. त्यांना पगार नव्हता, पोटभर अन्न नव्हतं. टाके घालताना त्यातली एक सारखी काहीतरी पुटपुटायची. ते आशीर्वाद नव्हते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

अस्तरावर शाईचा शिक्का बसला, अठ्ठावन्न. हे डोक्याचं माप. ते डोकं आल्विनचं निघालं. आल्विन सुतार, ग्योटिंगेनजवळच्या एका खेड्यातला, गालफडं गुबगुबीत, केस दाट. मी त्याच्या डोक्यावर अशी घट्ट बसायचे की वाऱ्याची काय बिशाद. हिवाळ्यात तो सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्यानं मला आपल्या पावणेचार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं. मी तिच्या नाकापर्यंत उतरले.

"बाबा, रात्र झाली!" रोस्विता ओरडली.

आल्विन पोट धरून हसला. त्याची बायको हेडविगसुद्धा हसली. त्या घरातलं तेवढंच हसू माझ्या वाट्याला आलं.

पुढचं फार बोलणार नाही. रशियातल्या एका गावात आल्विननं हुकुमावरून एका कोठाराला काडी लावली. आत कोण आहे ते त्यानं विचारलं नाही. मी त्याच्या डोक्यावरच होते, मला ऐकू येत होतं. त्या दिवसापासून त्याच्यासाठी रडायचं की नाही हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तो पकडला गेला. इकडे घरी 'बेपत्ता' एवढंच कळलं. तिकडे छावणीत पहिल्याच आठवड्यात माझ्यावरचा सैन्याच्या चिन्हाचा गरुड उपटून काढला गेला, ती जागा आजही जरा गडद आहे. आल्विनचे केस भादरले, गाल बसले, आणि मी त्याच्या डोक्यावर हिंदकळायला लागले. मग त्यानं काय करावं? पोरीच्या पाचव्या वाढदिवशी तारेच्या सुईनं माझं अस्तर उसवलं, रशियन वर्तमानपत्राची एक घडी आत सारली आणि पोत्याच्या दोऱ्यानं शिवून टाकली.

छावणीत वर्तमानपत्राच्या कागदात तंबाखू गुंडाळून ओढायचे. तो कागद डोक्यात घालणारा हा एकटाच शहाणा.

"काय रे आल्विन, बातम्या वरून आत झिरपतात का?" शेजारचा विचारायचा.

"तुझ्या धुरापेक्षा बऱ्या," हा म्हणायचा.

दर मार्चमध्ये पोरीचा वाढदिवस आला की एक घडी. दरवर्षी डोकं थोडं आणखी बारीक. पाच वर्षांत पाच घड्या झाल्या. आणि प्रत्येक घडीच्या कोऱ्या कडेला, शिवण्याआधी, तो पेन्सिलीच्या तुकड्यानं दोन शब्द लिहायचा. ते त्याच्याशिवाय कुणी पाहिले नाहीत.

पन्नास सालच्या जानेवारीत त्याला सोडलं. सुटून आलेल्या कैद्यांना उतरवायच्या फ्रीडलांडच्या छावणीतून तो चालत गावी आला, बर्फातून. दार हेडविगनं उघडलं. तिनं त्याला लगेच ओळखलं. मी तिचा चेहरा पाहिला, तो आनंदाचा नव्हता. दाराशी दुसऱ्याच कुणाचे तरी मोठे बूट होते. आत पाळण्यात एक बाळ होतं.

"तू मेलास असं मी कोर्टात लिहून दिलंय, आल्विन," ती कुजबुजली. "दोन वर्षं झाली. कागद आहे. अरे, पोरीला खायला काय घालणार होते मी?"

आल्विन आत आला. मला हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. तिनं जवाचं सूप वाढलं. त्याचा चमचा ताटलीवर वाजत होता.

तेवढ्यात रोस्विता शाळेतून आली. नऊ वर्षांची. त्या काळी आमच्याकडे एक रीत होती. कैदेतून परतलेला कुणी दाराशी आला की त्याला गरम काहीतरी द्यायचं आणि आपल्या बेपत्ता माणसाचा फोटो दाखवायचा. बायका स्टेशनावर फोटो छातीशी धरून उभ्या राहायच्या. कोर्ट काहीही म्हणो, पोरीनं ही रीत सोडली नव्हती. ती धावत गेली आणि फडताळावरचा फोटो घेऊन आली. लग्नाचा, गुबगुबीत गालांचा.

"काका, यांना कुठे पाहिलंत का हो? माझे बाबा आहेत."

हेडविग चुलीकडे तोंड करून उभी राहिली. ती वळलीच नाही. आल्विननं फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"हो," तो म्हणाला. "माझ्या शेजारीच होता. चव्वेचाळीसला गेला. त्रास नाही झाला बाळ, झोपेत गेला." मग त्यानं मला पुढे केलं. "ही त्याची टोपी. ठेव तुझ्याकडे."

आणि तो उघड्या डोक्यानं बर्फात निघून गेला. पोरगी म्हणाली, "आई, बिचाऱ्याला एखादी टोपी तरी द्यायची!" आईनं ताटली विसळायला घेतली.

पुढे मी कपाटात. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात मृतांच्या रविवारी, मला टेबलावर ठेवून समोर मेणबत्ती लावायचे. रोस्विता माझ्याकडे बघायची. हेडविग मेणबत्तीकडे बघायची, माझ्याकडे कधीच नाही. चाळीस वर्षं तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी तिच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाखाली आल्विनचंही नाव कोरलं गेलं, पुढे १९४४.

मला कपाटाबाहेर काढलं ते ऊवेच्या जिभेनं. ऊवे म्हणजे पाळण्यातलं ते बाळ, रोस्विताचा सावत्र भाऊ. आता तोही म्हातारा. वाढदिवसाच्या टेबलावर केक खाता खाता म्हणाला, "ताई, तेव्हा असल्या टोप्या घेऊन ढीगभर लफंगे हिंडायचे. विधवेच्या दारात जायचं, नवरा झोपेत गेला म्हणायचं, की सूप मिळालं. तुला नऊ वर्षांच्या पोरीला गंडवणं काय अवघड!"

रोस्वितानं केकची ताटली बाजूला सारली. टोपी खोटी तर निरोपही खोटा. 'त्रास नाही झाला' या तीन शब्दांवर तिनं उभा जन्म काढला होता. दुसऱ्याच आठवड्यात मला कापडी पिशवीत घालून ती एग्बर्टकडे गेली.

हा एग्बर्ट निवृत्त दातांचा डॉक्टर. जुन्या सैनिकी टोप्या गोळा करायचा छंद, आणि खरी-खोटी ओळखण्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. हत्यारं मात्र जुनीच, दात तपासायचा आरसा आणि टोकदार आकडी. त्यानं आधी मला हुंगलं. मग पडदे ओढून निळा दिवा लावला. नव्या काळातला दोरा त्या उजेडात चकाकतो, म्हणे. मी चकाकले नाही. कसरीनं खाल्लेली भोकं पाहिली, गरुडाची गडद जागा पाहिली, खूश झाला. मग त्याचा आरसा अस्तराच्या कडेला थांबला.

"अरेरे," तो म्हणाला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. ही शिवण कारखान्यातली नाही. उसवून पुन्हा शिवलंय, तेही अडाण्यासारखं. असल्या टोपीच्या अस्तराला हात लावलेला दिसला की आम्ही समजतो, आत बनवाबनवी आहे."

"म्हणजे खोटी?"

"असं दिसतंय."

रोस्विता खुर्चीत बसली. पिशवीची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. "उघडून बघा," ती म्हणाली. "काय ते एकदाच होऊ दे."

आकडीनं एकेक टाका सुटला. एग्बर्टनं पाच घड्या बाहेर काढल्या, टेबलावर ओळीनं उलगडल्या. रशियन त्याला येत नव्हतं, पण साल कुणालाही वाचता येतं. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. मग त्यानं भिंग धरलं आणि कडेचे शब्द वाचले. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"बाई, तुमचं पहिलं नाव काय?"

"रोस्विता. का?"

त्यानं पहिला कागद तिच्याकडे सरकवला. 'रोस्विता पाच.' मग दुसरा. 'रोस्विता सहा.' शेवटच्यावर 'रोस्विता नऊ.'

चव्वेचाळीसला मेलेला माणूस पोरीची नऊ वर्षं कशी मोजेल? म्हातारीनं ते कागद एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग तिचा हात तोंडावर गेला.

"मी फोटो दाखवला हो त्यांना," ती म्हणाली. "मीच. काका म्हटलं मी त्यांना."

एग्बर्टनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मग तो चाचरत म्हणाला, "असली म्हणून लिहून देऊ?"

"टोपी असलीच आहे. ऊवेचं एक बरोबर निघालं, निरोप तेवढा खोटा होता." आणि मग ती रडली, लहान पोरीसारखी, हुंदके देत.

घरी येऊन तिनं पाचही कागद सालाप्रमाणे आत घातले आणि अस्तर स्वतःच्या हातानं शिवलं. थडग्यावरचं १९४४ तिला पुसायचं आहे. पाथरवट विचारतो, मग कोणतं साल घालू? तिला ठाऊक नाही. मलाही नाही. मला तर तो त्या घरातच सोडून गेला.

आता मी कपाटात नसते. दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेली असते, कुणी येईल म्हणून नाही, तिला तिथंच बरं वाटतं म्हणून. माझं सांगणं एवढंच, दाराशी कुणी थकलेला माणूस आला तर त्याला फोटो जरूर दाखवा. पण त्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघा.