साडूची सायकल

दाताच्या डॉक्टरांना साडूचं सगळंच खुपायचं. दोघांनाही स्पोर्ट्स कारचं वेड, दोघेही रविवारी घाटात सायकल मारणारे. पण साडूची गाडी जास्त नवी, आणि सायकल इतकी हलकी की तो ती दोन बोटांवर उचलून दाखवायचा, तेही डॉक्टरांच्या बायकोदेखत. त्या सायकलवर एखादा ओरखडा पडावा, एवढीच डॉक्टरांची माफक इच्छा होती.

त्या रविवारी घाटात डॉक्टरांच्या सायकलने मान टाकली. ती दुकानात टाकून, स्वतःची सायकल गाडीच्या टपावर बांधून साडूने किल्ली पुढे केली.

"घ्या साडूभाऊ, तुम्हीच चालवा. तोंडाला पाणी सुटलेलं दिसतंय मला."

गाडी अशी गुरगुरली की डॉक्टर जळणंच विसरले. मोठ्या रुबाबात त्यांनी ती आपल्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घातली. टपावर सायकल आहे, हे तुळईला धडकल्यावर आठवलं.

सायकलची पार घडी झाली होती. डॉक्टर घाईघाईने गाडीतून उतरले. इतकं मनापासून चिंतल्यावर ही निव्वळ चूक आहे, असं कोण मानणार?

"शपथ घेऊन सांगतो, मुद्दाम नाही केलं हो!"

"मुद्दाम कशाला कराल?" साडूने त्यांची पाठ थोपटली. "उलट सुटलो! याहून हलकी बुक करून बसलोय, घरी काय सांगावं सुचत नव्हतं. आता तुमचं नाव सांगतो. आणि ही नीट करून तुम्हीच वापरा. थांबा, नवीचा फोटो दाखवतो."

नवीचा फोटो मुळीच बघायचा नाही, असं ठरवून डॉक्टर जिन्याकडे निघाले आणि पहिल्याच पायरीवरून परत फिरले.