सात पदरांत मुरलेले तेल

मित्रांनो, मी एक जुने पायपुसणे आहे. घाटकोपरच्या भटवाडीत एका खोलीच्या दाराशी पडलेले असते. माझ्या अंगाला अजून तेलाचा वास येतो, म्हणून शेजारची मुले नाक मुरडतात. मुरडू देत बिचारी. तो वास माझ्या चुकीचा आहे.

मला मालनबाईंनी शिवले. त्यांचे यजमान गुणाजी गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली आणि ते टॅक्सी चालवू लागले. गाडी म्हणजे त्यांची लक्ष्मी. चप्पल काढूनच ते आत बसत. त्यांच्या अनवाणी पायांना पत्रा भाजू नये म्हणून मालनबाईंनी गिरणीतल्या जुन्या सदऱ्यांचे सात पदर घेऊन मला गोधडीसारखे टाचले. दसऱ्याला गाडीला हार चढला आणि मला पेडलांखाली अंथरले. "झकास!" गुणाजी पाय घाशीत म्हणाले. मी काय फुगले होते त्या दिवशी!

गाडीचे दुखणेखुपणे पाहणारा धोंडिराम हा गुणाजींचा जिवलग. गिरणीत तो फिटर होता, आता कुर्ल्यात त्याचे छोटे गॅरेज होते. क्लचच्या तेलातली हवा काढायला दोघे लागतात. गुणाजी वर बसून पेडल दाबत आणि धोंडिराम गाडीखालून ओरडे, "दाब रे गुण्या! धर! झोपलास काय?" मग दोघेही खदखदून हसत.

पुढच्या उन्हाळ्यात क्लचचे तेल कमी होऊ लागले. आज बॉनेटखालची तेलाची डबी भरावी, तर चार दिवसांत पुन्हा तळ दिसे. धोंडिरामने रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहिला. त्यावर एक थेंब नाही. क्लचला दोन पंप, एक वर पेडलापाशी आणि एक खाली गाडीच्या पोटाशी; तरी त्याने खालच्या पंपाचे रबर बदलून दिले. आठवड्याने पवईच्या रस्त्यावर पेडल लुळे पडले, गियर पडेना आणि गिऱ्हाईक शिव्या घालीत उतरले.

तेल ओतून गुणाजी तडक कुर्ल्याला गेले.

"काय रे, रबर टाकलंस की जुनंच पुसून दिलंस?"

"आईशप्पथ, नवीन टाकलंय. खाली गळत नाही, म्हणजे वरचा पंप आतल्या बाजूला गळतोय. ते पायपुसणं उचल, बघू दे ना." असे म्हणून त्याने हात पुढे केला.

"हात लावू नको त्याला!"

गुणाजींच्या मनात फक्त त्या हाताचे ग्रीस होते. मालनचे टाके काळे होतील, एवढेच. पण धोंडिरामच्या आईवडिलांनी गावात हेच शब्द जन्मभर ऐकले होते. त्याचा हात तिथेच थांबला. "बरं," एवढेच बोलून तो फडक्याला हात पुसत आत गेला.

आणि मी? पंपातून ओघळून पेडलामागून उतरणारे तेल मीच खालच्या पदरांत टिपत होते. वरून कोरडे, खालून चिंब. जागा स्वच्छ राखते म्हणून मला केवढी घमेंड होती! एक थेंब जरी त्यांच्या पायाला लागू दिला असता, तरी पुरे होते.

पुढे पाच महिने गुणाजी तेल ओतत राहिले. कुर्ल्याला मात्र गेले नाहीत. दसऱ्याला मालनबाईंनी धुवायला मला उचलले.

"अवो, ह्यां बघा! तेल सगळां हयच मुरलां!"

खाली पत्र्याचा रंग पोपडे धरून सुटला होता. गुणाजींनी त्यावरून बोट फिरवले.

त्याच दिवशी ते मला घेऊन कुर्ल्याला गेले. "चुकलो रे धोंडिराम," मला पुढे करीत ते म्हणाले. "होतं असं, शेठ," तो म्हणाला. त्याने वरच्या पंपाचे रबर बदलले. मग हवा काढायला तो गाडीखाली शिरला.

"दाबा. धरा. सोडा."

कोणी हसले नाही. तो चहालाही थांबला नाही.

क्लच तेव्हापासून लोण्यासारखा चालतो, आणि माझी रवानगी गाडीतून गुणाजींच्या खोलीच्या दाराशी झाली. मित्रांनो, गळती दिसत नाही म्हणून ती नाही असे समजू नका. लाडक्या वस्तूखालीही वेळेवर हात घालून पाहा. आणि आपला शब्द कुणाला लागला असे वाटले, तर त्याच दिवशी त्याच्याकडे जा. माझ्यासारखे मुरवत बसू नका.

दर रविवारी गुणाजी मला झटकून दारात अंथरतात आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बसतात. मालनबाई एक कप चहा जास्तच टाकतात. धोंडिरामचे पाय अजून माझ्यावर पडलेले नाहीत.